काचेवरची दोरी

लेकीनं चाळिशी उलटल्यावर दुसरं लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्न कचेरीत सह्या करून झालं. साक्षीदार म्हणून तिच्या बापानं सही केली तेव्हा कारकुनानं मान वर करून पाहिलं, कारण त्यानं आधी नावाच्या मापाची लांब आडवी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत गेला. "आजोबा, लिहिताय की खोडताय?" कारकून म्हणाला आणि सगळे हसले. तोही हसला, बिनआवाजाचं, कारण आवाज त्याच्यापाशी राहिलाच नव्हता. तेव्हा ते हसण्यावारी गेलं. आणि आता, काही महिन्यांनी, खिडकीपाशी खुर्चीत बसून त्यानं मांडीवरच्या फोनच्या काचेवर बोटानं तशीच रेघ ओढली आणि फोननं ती गिळून टाकली. रेघ क्षणभर काळी उमटली, कडांनी फिकी झाली आणि गेली. जाताना एकटी गेली नाही. आधी मोठ्या कष्टानं एक अक्षर जमलं होतं, तेही सोबत घेऊन गेली. काच पुन्हा कोरी झाली, अंगावर येईल इतकी कोरी. त्यानं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. बोट तेच होतं, इस्त्रीनं भाजून भाजून शेंड्याला घट्ट झालेलं, गुळगुळीत, ठसा नसलेलं. त्यानं पुन्हा रेघ ओढली. पुन्हा गेली.

"बाबा, इकडे द्या बघू," म्हणत जावई खुर्चीपाशी उकिडवा बसला. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. हातात काहीही आलं की ते उलटं करून पाठ बघायची त्याला सवय होती, तशी त्यानं फोनचीही पाठ बघितली. "हे बघा, याला आधी अक्षर लागतं. वरची रेघ शेवटी. नाही दिली तरी चालते. तुम्ही पहिलीच आडवी मारता, मग याला वाटतं, लिहिलेलं खोडायचंय. खोडून मोकळा होतो बिचारा."

"बिचारा कोण? तो?" स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला.

"अगं, यंत्राला जेवढं शिकवलंय तेवढंच येणार ना. छत आधी आणि भिंती मागून, असं घर कुणी बांधतं का, बाबा?"

त्यानं मान हलवली. बांधतात, असं त्याला म्हणायचं होतं. आम्ही बांधलं. पण मान हलवण्यातून एवढं सगळं जात नाही. जावयाला वाटलं, पटलं. तो खांद्यावर थोपटून उठला.

त्यांच्या लाँड्रीत सगळं दोरीपासून सुरू व्हायचं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या, ढिगानं. भट्टीतून निघायच्या, पिळल्या जायच्या. पण दोरी ताणून बांधलेली नसेल तर पुढचं सगळं फुकट, कापड जमिनीला लागतं आणि पुन्हा धुणं आलं. बायको चौथीपर्यंत शिकलेली होती, तो शाळेच्या दाराशीही गेला नव्हता. कपड्यांच्या कापडी चिठ्ठ्यांवरची नावं तीच वाचायची आणि तो चिठ्ठीचा रंग आणि डागांचे आकार लक्षात ठेवून काम भागवायचा. लग्नाला काही वर्षं होऊन गेली होती, लेक अजून झाली नव्हती, तेव्हा एका हिवाळ्यात ती म्हणाली, "अहो, इकडे या." खोलीला एकच खिडकी होती आणि वाफेनं तिची काच आतून पांढरी व्हायची. तिनं त्याचं बोट धरलं, भाजलेलं बोट, आणि काचेवर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढत नेलं. "ही दोरी. आधी दोरी बांधायची. मग एकेक कपडा वाळत घालायचा. हा सदरा. हा पायजमा. ह्याची एक बाही वर गेली, बघा." सदरा म्हणजे कोणतं अक्षर आणि पायजमा म्हणजे कोणतं हे त्याला अजून आठवतं. शाळेत मुलांना आधी अक्षर आणि मग डोक्यावर रेघ शिकवतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण हा माणूस हवेत काही लटकवू शकणार नाही हे तिनं ओळखलं होतं. तो खरंच लटकवू शकत नव्हता. दोरी नसली की त्याचं अक्षर काचेवर कुठंही जायचं, तिरकं व्हायचं, दुसऱ्याच्या अंगावर पडायचं. दोरी असली की गुमान रांगेत. लिहून झालं की ते काचेवरून ओघळायला लागायचं, अक्षरांना पाय फुटायचे, आणि थोड्या वेळानं नवी वाफ सगळं झाकून टाकायची. पुसायची गरज नसायची. म्हणून चुकायची भीती कधी वाटली नाही.

वाफ इतकी असायची की खोलीच्या ह्या टोकाहून त्या टोकाचं माणूस दिसत नसे. ती घड्या घालता घालता मध्येच विचारायची, "आहात का?" तो इस्त्रीवरून म्हणायचा, "आहे." बस. दिवसातून कितीदा तरी. त्यात काही अर्थ नव्हता, आणि तेच सगळं होतं. पुढं घशाच्या रोगात डॉक्टरांनी त्याची आवाजाची पेटीच काढून घेतली आणि श्वासासाठी गळ्याला पुढून भोक ठेवलं. त्याच सुमाराला तिचे डोळे मंदावत मंदावत विझले. ती अंथरुणातून विचारायची, "आहात का?" आणि तो टेबलावर बोटाच्या पेरानं एक टकटक करायचा. शेजारीण म्हणायची, "एक बोलत नाही, एकीला दिसत नाही, भांडण होणार कसं तुमच्यात?" ती म्हणायची, "न व्हायला काय झालं? ते टेबल बडवतात, आणि मी त्यांच्या दिशेनं डोळे वटारते. चुकून कपाटाकडे वटारले जातात, एवढंच."

ती आता दवाखान्यात होती, संसर्गाच्या वेगळ्या खोलीत. आधी दोघांनाही खोकला झाला. त्याचा उतरला, तिचा छातीत गेला. आत कुणाला सोडत नव्हते. लेक रोज खालच्या खिडकीत धुतलेले कपडे देऊन यायची. त्याला तर आवाराबाहेरच राहायला सांगितलं होतं, गळ्याचं भोक म्हणजे रोगाला सताड उघडं दार. तिच्याजवळ तिचा फोन होता. तिकडून सिस्टर एक बटण दाबून तिचं बोलणं पाठवायची, आणि इकडून लिहून गेलेलं फोनमधली एक बाई मोठ्यानं वाचून दाखवायची. ती बाई कुठल्याही शब्दाला दुसऱ्याहून जड करत नसे. लेकीनं पहिल्याच दिवशी त्याच्या नावानं लिहिलं: मी बरा आहे, काळजी करू नकोस. थोड्या वेळानं तिकडून खोकत खोकत आवाज आला: "बाईनं वाचलं बरं का. पण हे त्यांचं बोलणं नाही. काळजी करू नकोस असं मला जन्मात कधी म्हणाले नाहीत ते. हे तू लिहिलंयस."

लेक हसली. मग तिचं हसणं थांबलं, कारण आवाज पुढं चालूच होता. "तुझा मामासुद्धा असाच महिनाभर माझ्याशी गोड बोलत होता. गेल्यानंतर."

हे खरं होतं. तिच्या डोळ्यांचं शेवटचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात तिचा भाऊ गेला होता. डोळ्यांत पाणी येता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून तिला कुणी सांगितलं नाही. ती रोज भावाला निरोप पाठवायची आणि लेक त्याच्या नावानं उत्तरं लिहायची: बरा आहे, पाय दुखतो, येईन. बापालाही ते ठाऊक होतं. तो टेबलापाशी बसून ऐकायचा आणि टकटक करायचा नाही. डोळे तर वाचलेच नाहीत. कळलं तेव्हा ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "आता मला काही दिसत नाही. जो काही विश्वास आहे तो कानांचा. तो तरी ठेवायचा होतात." ह्या घरात निरोपांचं नाणं तेव्हापासून खोटं ठरलं होतं. आता तिला वाटत होतं की तो गेलाय. दोघं एकदम खोकत होती, त्यातलं एक उरलं, आणि लेक पुन्हा पोस्टमन झालीय.

त्यानं टकटक पाठवायला लावली. जावयानं फोन टेबलाशी धरला, त्यानं पेर आपटलं. तिकडून आलं: "नुसती खरखर आहे." जावई म्हणाला, फोनला असला आवाज म्हणजे कचरा वाटतो, तो गाळून टाकतो. दुसऱ्यांदा काहीतरी ऐकू गेलं असावं. ती म्हणाली, "टकटक काय, कुणीही करील. सुतारपक्षीही करतो." मग त्यानं कागदावर लिहून लेकीकडून खुणा पाठवल्या: तिच्या पेटीची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. तिच्या डाव्या पायाचं बोट मोडलेलं आहे. पहिल्या इस्त्रीची मूठ हिरवी होती. प्रत्येकाला तिकडून एकच उत्तर: "हे तुलाही माहीत आहे, बाळा." माहीत होतंच. एका घरात इतकी वर्षं काढली की लेकीला माहीत नाही असं उरतं काय? आणि मधूनमधून सिस्टर स्वतः बोलायची, घाईतल्या माणसाच्या आवाजात: "आजी तोंड उघडत नाहीत हो. गोळी गालात धरतात आणि मी वळले की उशीखाली. काहीतरी सांगा त्यांना." मागून तिचा आवाज यायचा, बारीक: "ते असतील तर खाईन. नसतील तर कशाला?"

आणि मग आज सकाळी तिनं ते विचारलं. खोकला नव्हता, आवाज स्वच्छ होता, लाँड्रीतल्यासारखा. "त्यांना म्हणावं, तुमच्या मनानं पहिल्यांदा काचेवर काय लिहिलंत ते लिहा. ते तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

लेकीनं कागद पुढं केला. "काय लिहिलं होतं, बाबा?"

त्यानं पेन घेतलं, दोरी ओढली, आणि पेन दोरीवरच थांबलं. दोरी कागदावर तशीच राहिली, रिकामी. त्यानं कागद उलटा केला आणि दुसऱ्या बाजूला लिहिलं: मीच लिहीन. फोन दे.

"अहो बाबा, तुम्हाला फोनवर येतं का लिहिता? बटणं दाबायला दिली तर एका वेळी तीन दाबता."

तेही खरं होतं. बटणांवरची अक्षरं तर त्याला ओळखूच येत नव्हती, प्रत्येकाला आपली आपली टीचभर दोरी, आणि काना एकटा, कुठल्याशा ठिपक्यांच्या गोळ्याला टेकून उभा, परक्या गावात उतरलेल्या माणसासारखा. म्हणून जावयानं बोटानं लिहायची सोय लावून दिली. बोटानं, काचेवर. ते ऐकून त्याला हुरूपच आला होता. म्हणजे जन्मात जे एक त्याला नीट शिकवलं गेलं तेच. आणि काच ती रेघ गिळत होती.

त्याला सांगायचं नव्हतं असं नाही, सांगता येत नव्हतं. लेक तेव्हा दात यायच्या वयाची होती. स्वच्छ चादरींच्या टोपलीत झोपलेली. बायको दाराशी उभी होती, हातात पिशवी, पायात वहाणा. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर सोपं होतं. तिला फक्त कंटाळा आला होता, वाफेचा, दुसऱ्यांच्या मळक्या चादरींचा, आणि त्याच्या गप्प असण्याचा. त्याला तेव्हा आवाज होता, पण वापर नव्हता. "मी जाते. हिला संध्याकाळी घेऊन जाईन," ती म्हणाली. साबण संपलाय म्हणावं, तसं म्हणाली. तो इस्त्री धरून उभा राहिला. चादर करपल्याचा वास आला. तोंड उघडलं आणि त्यातून काही निघेना. सगळे शब्द होते, एकमेकांवर पडलेले, दोरी नसल्यासारखे. मग तो खिडकीशी गेला आणि त्यानं काचेवर, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोरी बांधली. तिच्याखाली लिहिलं: जाऊ नको. तिनं शिकवलेलं तो गिरवायचा, पण स्वतःच्या मनातलं असं त्यानं पहिल्यांदाच लिहिलं. ती बराच वेळ बघत राहिली. अक्षरांना पाय फुटले, पाणी खिडकीच्या चौकटीवर उतरलं. मग ती म्हणाली, "दोरी वाकडी बांधलीत." आणि पिशवी खाली ठेवली. त्यानंतर त्या सकाळबद्दल दोघांनी कधी शब्द काढला नाही. ती सकाळ घरात होती, पण तिला कुणी हात लावत नव्हतं, वरच्या फळीवरच्या भांड्यासारखी.

आणि ह्याच बाईनं, लेक पहिलं घर सोडून आली तेव्हा, तिला दारात उभं करून म्हटलं होतं, "कंटाळा आला म्हणून कुणी संसार टाकतं का गं? आम्ही नाही काढले दिवस? माझ्या मनात तरी आलं का कधी?" लेक तिला ओलांडून आत गेली होती. पण नंतर कित्येक महिने मायलेकींत नुसतं मीठ दे, दार लाव, एवढंच होतं. दुसऱ्या लग्नानं ते कसंबसं सांधलं होतं. आता आईनं काचेवरचं पहिलं वाक्य विचारावं आणि त्यानं लेकीच्या हातून, जाऊ नको, असं लिहून घ्यावं? त्यातून पिशवी दिसणारच. पायातल्या वहाणा दिसणार. लेक हुशार आहे, तिला टोपलीतलं तिचं झोपणंसुद्धा दिसेल. खोटं बोलली आई, असं तिला आईच्या ह्या अवस्थेत कळावं, आणि ते त्यानं कळवावं? बायकोनं विश्वासानं विचारलं होतं, कारण तिला दिसत नव्हतं की लिहिणारा हात आता त्याचा राहिलेला नाही. तिला वाटत असणार, विचारलं की तो खिडकीशी जाईल आणि लिहील.

दुपारी आंघोळीला गेला. गरम पाणी सोडलं आणि आरसा पांढरा झाला. काही ठरवायच्या आत बोट उठलं होतं. दोरी, मग ज, काना, मग बाकीचं, न अडता, एका दमात. त्यानं स्वतःच त्याकडे पाहिलं. एवढं सोपं होतं. अक्षरांच्या फटीतून त्याच्या चेहऱ्याचे तुकडे दिसत होते, एक भुवई, गळ्याचं भोक. बाहेरून लेकीनं दार वाजवलं. "बाबा, बरं आहे ना? किती वेळ?" त्यानं तळव्यानं आरसा पुसला. पूर्ण पुसला. उत्तर म्हणून नळावर एक टकटक केली. तळवा ओला आणि थंड होता, आणि एकाएकी त्याला वाटलं की आपण हाताशी आलेलं काहीतरी आपल्याच हातानं पाण्यात सोडलं. त्यानं आरशावर पुन्हा वाफ धरायला फुंकर मारली, पण तोंडातून हवा येत नाही हे तो अजूनही विसरायचा. मग त्यानं वाकून गळा आरशाशी नेला. एक लहानसा गोल ढग उमटला, अक्षर मावणार नाही एवढा, आणि विरून गेला.

पुढचे दिवस त्यानं फोन मांडीवर घेऊन काढले. रेघ न मारता अक्षर काढायचं. हात ऐकेना. ज काढावा तर तो वर निसटे आणि फोन खाली तीन पर्याय मांडी: एक आकडा, एक प्रश्नचिन्ह आणि एक हसरा चेहरा. 'न' हे अक्षर काढावं तर फोनला ते स्वल्पविराम वाटे. एकदा त्याच्या कष्टांचं फळ म्हणून फोननं "नळ" असं सुचवलं. जावई म्हणाला, "जवळपास आलात, बाबा." लेक म्हणाली, "तू गप रे." मग त्याच्यापाशी येऊन खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मला सांगत का नाही? वाईट आहे का काही? मी वाचणार नाही, डोळे मिटून दाबते, चालेल?" त्याला हसू आलं आणि रडूही आलं. ही लहानपणी लपंडावात अशीच डोळे मिटायची, बोटांच्या फटीतून बघत. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान नकारार्थी हलवली. तिचा चेहरा कठीण झाला. "तुम्ही दोघं ना," ती म्हणाली, आणि वाक्य पुरं न करता उठली. तिकडून येणारा आवाज रोज थोडा लांबून यायचा. एकदा नुसतंच आलं, "आहात का?" आणि मग कितीतरी वेळ खोलीतल्या कुठल्याशा यंत्राची धाप.

सोमवारी सकाळी लेक कपडे द्यायला गेली. तो गॅलरीत बसला होता. समोर दोरीवर काहीच नव्हतं, फक्त चिमटे, आपापल्या जागी, आणि वाऱ्यानं दोरी अगदी किंचित झुलत होती. तो बघत राहिला. दोरी तर कपड्यांच्या आधीपासून तिथं होती. तिला रोज कुणी बांधत नव्हतं. हे इतकं साधं होतं की लगेच त्याच्या लक्षातही आलं नाही. मग तो उठला, कपाटातल्या जुन्या डब्यातून कापडी चिठ्ठ्या शिवायचा पांढरा दोरा काढला, हातभर तोडला, फोनच्या काचेवर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणला आणि दोन्ही टोकं पाठीमागे चिकटपट्टीनं दाबली. दोऱ्याला फोन काही म्हणाला नाही. फोनला दोरा कळतच नव्हता, त्याला फक्त बोट कळत होतं. त्यानं दोऱ्याखाली ज टांगला. फोननं ज लिहिला. काना टांगला. फोननं काना घेतला. बोट भरकटू बघत होतं, पण दोऱ्याशी आलं की थांबत होतं, धरून ठेवल्यासारखं, तिनं धरून ठेवल्यासारखं. ऊ दोनदा बिघडला. को बिघडला, पुसला, पुन्हा काढला. दुपार कलली तेव्हा काचेवर दोन्ही शब्द उभे होते, छापील, नीटनेटके, त्याचे नसल्यासारखे आणि तरी त्याचेच. जावयानं दाखवून ठेवलेला बाण त्यानं दाबला. निरोपाशेजारी एक बारीक खूण उमटली. एक खूण म्हणजे इथून निघाला, दोन म्हणजे तिथं पोचला, असं जावई म्हणाला होता. त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि टेबलावर, कुणीही विचारलेलं नसताना, एक टकटक केली.

खूण एकच राहिली. तो तिच्याकडे बघत होता तेव्हा एक होती, नजर काढून पुन्हा पाहिलं तेव्हाही एक. लेक परत आली ती दारातच चपला न काढता उभी राहिली. "आईला सकाळी दुसऱ्या खोलीत नेलंय, मशीनवर," ती म्हणाली. "शुद्ध नाहीये. फोन बंद करून तिच्या पिशवीत ठेवलाय, सिस्टर म्हणाली." त्यानं फोन उचलून तिच्यापुढं धरला, खूण बोटानं दाखवली. तिला दोराच दिसला. "हे काय बांधलंय? काच खराब होईल ना, बाबा," ती म्हणाली आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. तो फोन हातात धरून तिच्यासमोर उभा राहिला. सांगायला काही उरलं नव्हतं, सांगून झालं होतं, आणि सांगितलेलं वाटेत कुठंतरी, ह्या घराच्या आणि त्या पिशवीच्या मध्ये, उभं होतं.

पिशवी घरी आली तेव्हा जावयानं ती टेबलावर ठेवली. आत दोन धुतलेली पातळं, कंगवा, न वापरलेला चमचा आणि फोन. जावयानं सवयीनं फोन हातात घेतला, पाठ बघितली आणि चालू केला. फोननं थोडा वेळ घेतला. मग त्याच्या खुर्चीवरचा फोन बारीकसा थरथरला, दोऱ्याखाली दुसरी खूण उमटली, आणि टेबलावरच्या फोनमधली बाई, कुठलाही शब्द दुसऱ्याहून जड न करता, भरल्या घरात मोठ्यानं म्हणाली:

"जाऊ नको."

त्यानं लेकीकडे पाहिलं. आता लेकीला कळणार, पिशवी, वहाणा, टोपली, सगळं. लेकीनं फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचे डोळे सुजलेले होते. तिच्या चेहऱ्यावर काहीही उलगडलं नाही. तिथं फक्त कीव होती, आणि खूप माया.

"एवढंच होतं, बाबा?" ती म्हणाली. "हे तर मीसुद्धा लिहिलं असतं की."

शब्दांत पिशवी नव्हती. कुठल्याही म्हाताऱ्यानं कुठल्याही आजारी बायकोला लिहावं तसे ते दोन शब्द होते. ती सकाळ त्यांच्यात फक्त दोघांनाच दिसणारी होती, आणि त्यातलीही एक आंधळी. लेकीच्या हातून पहिल्याच दिवशी ते गेले असते, कुणाला काही कळलं नसतं, आणि जिला कळायचं तिला कळलं असतं. त्यानं हळूहळू खुर्चीवर बसून फोनच्या काचेवरचा दोरा चाचपला. तो अजून ताठ होता. सरळ बांधला होता.

त्याची बायको त्या वर्षी, लेकीच्या लग्नानंतर पाचव्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, कपडे वाळत घालायच्या वेळेला वारली.